गारमेंटमध्ये युनियन आणि पक्ष: झेंड्याआधी पावतीपुस्तक बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एमआयडीसीतला गारमेंट कारखाना, चारशेच्या आसपास कामगार, त्यात बहुतेक बायका. युनियन काढायचं घाटतंय. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या कामगार संघटनांची माणसं येऊन गेली आणि दोघांनीही ‘साहेबांचा हात डोक्यावर राहील’ असं सांगितलं. काहीजणी म्हणतात पक्ष नकोच, आपण आपलं बघू. काय करावं?

ताई, मी 1994 साली अंधेरी पूर्वेच्या एका गाळ्यात चेकर, म्हणजे शिवलेला माल तपासणारी, म्हणून लागले. पुढे युनियनच्या कामात पडले ती आजतागायत त्यातच आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मी देणार नाही. पक्षाशी जोडलेल्या युनियनने माझ्याच लाइनवरच्या बायकांना एकदा वाचवलंय आणि एकदा विकलंय. युनियन तीच होती, मधे फक्त दोन वर्षं गेली होती.

आधी वाचवल्याची गोष्ट. मालकाने एका शनिवारी रात्री मशीनं हलवायला काढली. ओव्हरलॉक, सिंगल नीडल, सगळं टेम्पोत भरायचं, रविवारी भिवंडीकडे नवा गाळा चालू करायचा आणि सोमवारी आम्ही आलो की कुलूप. वॉचमनने एकीला सांगितलं, तिने दुसरीला. आम्ही आठ-दहा बायका जाऊन उभ्या राहिलो, तर मुकादम हसला. अर्ध्या तासात पक्षाची पंधरा-वीस पोरं आली, टेम्पोच्या चाकातली हवा काढली आणि पोलीस आल्यावर पोलिसांशीही तेच बोलले. मशीनं परत वर गेली. हे काम आमच्याने झालं नसतं, हे मी आजही मान्य करते.

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांनी बोनस आणि पगारवाढीचं सेटलमेंट झालं, तेही कुठल्याशा हॉटेलात. आम्हाला ते नोटीस बोर्डावर कळलं. महिन्याला दीडशे रुपये वाढ होती, पेढे वाटले गेले. चौथ्या पानावर एक ओळ होती: उत्पादनाचं प्रमाण व्यवस्थापन युनियनशी विचारविनिमय करून ठरवेल. पुढच्या महिन्यात कॉलर लावणारीचं तासाचं टार्गेट चाळीसवरून बावन्नवर गेलं. आम्ही युनियनच्या ऑफिसात विचारायला गेलो, तर तिथे बसलेल्या साहेबांना ‘कॉलर अटॅच’ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, “बारा पीस म्हणजे जास्त होतं का?”

या दोन गोष्टींत माझं निम्मं उत्तर आलं. टेम्पो अडवायला, पोलीस स्टेशनला, कामगार आयुक्तालयात फाइल हलवायला, मंत्रालयात शिष्टमंडळ न्यायला पक्ष कामाला येतो. शिलाईच्या लाइनवर काय चाललंय हे पक्षाला दिसत नाही. आणि गारमेंटमध्ये खरी लूट टार्गेट, ओव्हरटाइम, बाथरूमला जायची परवानगी आणि ‘उद्यापासून येऊ नको’ यांतच होते.

मुंबईत हा विषय निघाला की लोक थेट गिरणी संपावर जातात. माझे सासरे लोअर परळला साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर, होते, त्यामुळे तो संप मी घरातच ऐकलाय. पण त्यातून लोक चुकीचा धडा काढतात असं मला वाटतं. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. कोणी म्हणतं संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांनी घात केला, कोणी म्हणतं काँग्रेसने. मुळात बघायचा तो कायदा. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, म्हणजे बीआयआर ॲक्टने, एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन ठरवली. पंचवीस टक्के सभासद दाखवले की झालं, गुप्त मतदान नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, तो संघ इंटकचा आणि इंटक म्हणजे काँग्रेसची कामगार संघटना. कामगारांचा लोंढा सामंतांमागे होता, पण करारावर सही करायचा अधिकार मजदूर संघाचा. सरकारही काँग्रेसचं, ते मान्यता काढून घेईना. सामंत स्वतः कधीकाळी काँग्रेसचेच आमदार होते, हा त्यातला आणखी एक पीळ. 1984 ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेतही ते दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष निवडून आले. कामगारांनी मत दिलं, खासदार केलं आणि तरीही मिलच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती ती नव्हतीच.

त्याच्याही आधी लाल बावट्याची गिरणगावातली पकड सैल करायचं काम रस्त्यावर चाललं होतं. शिवसेनेची भारतीय कामगार सेना 1968 ची. 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीतून सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. मिलमधल्या युनियनची भांडणं आणि वॉर्डातली भांडणं वेगळी काढताच येत नव्हती, कारण कामगार राहायचा तिथेच, मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात. चाळ, शाखा, व्यायामशाळा, गणपती, सगळं एका गल्लीत.

गारमेंटचं तसं नाही, आणि इथेच मिलचा अनुभव जसाच्या तसा लावला की चूक होते. गारमेंटची बाई नालासोपाऱ्याहून येते, कर्जतहून येते. तिचं मत एकीकडे, कारखाना दुसरीकडे. तुमच्या आमदाराला तुमच्या कारखान्यातल्या चारशे बायकांची मतं एका बूथवर मिळत नाहीत. मालकाची देणगी मात्र एकगठ्ठा मिळते. हे कडू आहे, पण ‘साहेबांचा हात’ किती वेळ डोक्यावर राहील याचा हिशेब करताना धरायलाच हवं.

दुसरा फरक पगाराचा. मिलमधला पगार वाटाघाटीने ठरायचा. गारमेंटमध्ये बहुतेक ठिकाणी सरकारने काढलेलं किमान वेतन हाच पगार असतो, त्यावर शे-दोनशे. म्हणजे तुमचा पगार ठरतो तो राज्य सरकारच्या अधिसूचनेने. मग ‘आम्हाला राजकारण नको’ म्हणून कसं चालेल? तुम्हाला राजकारण नको असलं तरी तुमच्या पगारपत्रकाला ते आधीच चिकटलेलं आहे.

बंगळूरचं उदाहरण घ्या. तिथे आणि आसपास मिळून पाच लाखांच्या घरात गारमेंट कामगार आहेत असं धरलं जातं, त्यात बायका फार जास्त. एप्रिल 2020 मध्ये महागाई भत्त्याची वाढ देय झाली, महिन्याला 417 रुपयांच्या आसपास. कोविडचं कारण देऊन राज्य सरकारने ती वर्षभर पुढे ढकलली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सरकारच्या आदेशाला स्थगिती मिळाली, तरी कारखाने पैसे देईनात. सरकार मालकांकडे बोट दाखवी, मालक सरकारकडे. शेवटी परदेशी ब्रँडांवर बाहेरून दबाव आला तेव्हा कुठे 2022 च्या सुरुवातीला मोठे निर्यातदार थकबाकी द्यायला लागले. ब्रँडला कर्नाटकात मत नाही, बंगळूरच्या बाईला ब्रँडच्या देशात नाही. कुठलाही स्थानिक पक्ष या दोघांमध्ये पूल बांधू शकला नाही. ते काम करणाऱ्या होत्या गार्मेंट अँड टेक्स्टाइल वर्कर्स युनियनसारख्या छोट्या, पक्षाबाहेरच्या युनियन. पक्ष नसला की काही जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

आणि पक्ष नसला की सगळं शुद्ध म्हणणाऱ्यांसाठी त्याच शहरातली 2016 ची गोष्ट. केंद्राने फेब्रुवारीत पीएफचा नियम बदलला: मालकाचा वाटा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. दिल्लीतल्या साहेबाला वाटलं, बचत होतेय, चांगलंच आहे. पण गारमेंटची बाई पाच-सात वर्षांनी नोकरी सोडते ती मुळात पीएफ काढायलाच. मुलीचं लग्न, सावकाराचं कर्ज, कॉलेजची फी. 18 एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या बाजूला बायका कारखान्यांतून सरळ रस्त्यावर आल्या आणि दुसऱ्या दिवशी शहरभर हजारोंनी. कुठल्याही युनियनचा आदेश नव्हता, कुठल्याही पक्षाचा नव्हता. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, बसेस जळाल्या. 19 तारखेला केंद्रीय श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी नियम मागे घेतल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांत केंद्र सरकारला माघार घ्यायला लावणं हे मोठमोठ्या महासंघांच्या एकदिवसीय बंदांनाही जमत नाही. मला त्या बायकांचा अभिमानच वाटतो. पण पुढे काय? अटका झाल्या, गुन्हे लागले आणि हजारोंचा तो जमाव चार दिवसांनी पुन्हा आपापल्या लाइनवर, तेच टार्गेट, तोच सुपरवायझर. जमावाला वर्गणीचं पावतीपुस्तक नसतं.

तिरुपूरला मी दोनदा जाऊन आले. होजिअरीचं गाव, आणि पक्षीय युनियन कशा चालू शकतात याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बरं उदाहरण. तिथे 1984 साली महागाई भत्त्यासाठी 127 दिवसांचा संप झाला, पुढे डाव्या युनियनच होत्या. आज तिथे डाव्यांच्या सीटू आणि आयटक, द्रमुकची एलपीएफ, अण्णाद्रमुकची संघटना, काँग्रेसची इंटक, समाजवाद्यांची एचएमएस, संघपरिवाराची बीएमएस असे सगळे एका बाजूला बसतात, मालकांच्या संघटना दुसऱ्या बाजूला आणि सगळ्या गावासाठी मिळून काही वर्षांचा वेतन करार होतो. निवडणुकीत एकमेकांचे गळे धरणारे लोक करारापुरते एका सतरंजीवर. खासदारही आयटकचे जुने नेते, कम्युनिस्ट पक्षाचे के. सुब्बारायन, 2019 पासून. हे सगळं छानच. पण मी तिथल्या एका चहाच्या टपरीवर शिलाईच्या पॉवर-टेबलवरच्या कारागिराला विचारलं की करारातली वाढ तुला मिळाली का. तो म्हणाला, मी पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे, ठेकेदाराकडे, मला कुठला करार? करार कागदावर गावाचा, प्रत्यक्षात पटावर असलेल्यांचा. पक्षीय युनियन जिथे सगळ्यात नीट चालतात तिथेही हे भोक आहेच.

पक्ष आणि कारखाना एकमेकांत किती घुसू शकतात ते बघायचं तर ढाका. तिथे मालक पक्षाला देणगी देऊन थांबत नाहीत, स्वतःच निवडणुकीला उभे राहतात. कारखानदारांच्या संघटनेचे, बीजीएमईएचे, माजी अध्यक्ष अनिसुल हक 2015 ला ढाका उत्तरचे महापौर झाले. त्यांच्यानंतर आले अतिकुल इस्लाम, तेही बीजीएमईएचे माजी अध्यक्ष. दोघांमागेही अवामी लीग, म्हणजे तेव्हाचा सत्ताधारी पक्ष. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळून 1,100 हून जास्त माणसं गेली. त्या इमारतीचा मालक सोहेल राणा लीगच्या युवा संघटनेचा स्थानिक पुढारी होता. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि सकाळी कामगारांना आत घालण्यात आलं. आत जायला नको म्हणणाऱ्यांमागे त्या पाचही कारखान्यांत एक धड युनियन नव्हती.

कामगारांच्या बाजूला काय होतं? सत्ताधाऱ्यांची श्रमिक लीग आणि विरोधकांची श्रमिक दल, सत्ता बदलली की माणसं बदलायची. सगळ्यात खालच्या पातळीवरचं राजकारण कशावर चालतं, तर ‘झुट’वर. झुट म्हणजे कटिंगच्या उरलेल्या चिंध्या. तुमच्याकडेही पोत्यांनी निघत असतील. त्या चिंध्यांचा धंदा मोठा आहे, त्यांचं पुन्हा सूत होतं, गाद्यांत भरतात. कुठल्या कारखान्याचा झुट कोण उचलणार हे तिथे सत्ताधारी पक्षाचा स्थानिक दादा ठरवतो. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर ढाक्याजवळ आशुलिया-गाजीपूरकडे कारखाने बंद पडायला लागले. त्यातली काही आंदोलनं पगाराची, हजेरी बोनसची होती, आणि काही ठिकाणी गेटवरची हाणामारी चिंध्या आता कोणाच्या यासाठी होती. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत फरक कळत नाही. मालक म्हणतो सगळा राजकीय कट आहे, आणि खरी मागणी त्या धुरळ्यात जाते.

किमान वेतनाचंही तेच. 2023 ला युनियन 23,000 टाका मागत होत्या, मालकांनी 10,400 चा आकडा पुढे केला, रस्त्यावर माणसं मेली आणि सरकारी वेतन मंडळाने 12,500 वर मिटवलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. पक्षाला कामगाराच्या मताची भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली, कारण मुख्य विरोधक त्या निवडणुकीत नव्हतेच. पक्षीय युनियनची ताकद ही लोकशाही किती जिवंत आहे यावर असते. हे मला ढाक्याकडे बघून कळलं.

आता आपल्याकडचं एक नाव घेते, कारण ते मला गोंधळात टाकतं आणि गोंधळ लपवून उत्तर देणं बरं नाही. सोलापूरचे नरसय्या आडम मास्तर. माकपचे तीन वेळचे आमदार, सीटूचे नेते. त्यांनी विडी कामगारांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, 2006 ला चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. मग यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक यांच्यासाठी तीस हजार घरांचं रे नगर, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला नरेंद्र मोदींच्या हस्ते. लाल झेंड्याच्या माणसाने दोन विरोधी पंतप्रधान सोलापूरला आणले. 2019 ला भूमिपूजनाच्या व्यासपीठावर मोदींचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. मला विचाराल तर मास्तरांनी त्या दिवशी युनियनचं काम केलं आणि पक्षाने पक्षाचं. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची तर असा दिवस कधीतरी येणारच. मास्तर टिकले, कारण घरासाठी पैसे भरणाऱ्या बाईचा विश्वास त्यांच्यावर होता, आणि तो पक्षाच्या पॉलिट ब्युरोकडून, म्हणजे वरच्या नेतृत्वाकडून, आलेला नव्हता.

तर तुमच्या कारखान्याचं. माझं मत असं की महासंघाला, म्हणजे अनेक युनियनच्या संघाला, जोडून घ्या, पक्षाच्या शाखेला जोडून घेऊ नका. वकील, जुन्या करारांची माहिती, आयुक्तालयात ओळख, हे लागतंच, आणि ते देणारे महासंघ बहुतेक कुठल्या ना कुठल्या पक्षाजवळचे आहेत. पक्षाबाहेरचेही आहेत, न्यू ट्रेड युनियन इनिशिएटिव्हसारखे. पण जोडून घेताना भाषण ऐकू नका, युनियनच्या घटनेची प्रत मागा. त्यात एक गोष्ट शोधा: करारावर सही करायच्या आधी कारखान्यातल्या सभासदांची सभा घेऊन मंजुरी लागते का? नसेल तर ते कलम घालून घ्या. घालायला तयार नसतील तर टेम्पो अडवायला त्यांना बोलवा, करार करायला नको.

वर्गणीची पावती तुमच्या बायकांनी फाडायची, पक्षाच्या पोरांनी नाही. बँक खात्यावर सह्या कारखान्यातल्या दोघींच्या हव्यात. राजकीय कामासाठी पैसे द्यायचे असतील तर त्याचा फंड वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात पैसे भरायची सभासदावर सक्ती करता येत नाही. ही तरतूद 1926 च्या कायद्यापासून आहे, आणि इतक्या वर्षांत मी मोजून दोन युनियनमध्ये ती पाळलेली पाहिली. बाकी ठिकाणी सभेच्या गाड्यांचा खर्च आमच्याच वर्गणीतून. कार्यकारिणीत बाहेरची माणसं किती असावीत यालाही मर्यादा आहे, आणि मंत्री असलेला माणूस पदाधिकारी होऊ शकत नाही. म्हणून तर लेटरहेडवर साहेबांचं नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून असतं.

एक गोष्ट तातडीची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात पटावरच्या कामगारांपैकी 51 टक्के ज्या युनियनकडे, ती एकटी वाटाघाट करणार. कोणाकडेच तेवढे नसतील तर प्रत्येकी 20 टक्के असलेल्यांची परिषद. म्हणजे ते दोन पक्ष तुमच्या कारखान्यात शिरले आणि चारशेतले दीडशे-दीडशे वाटून बसले, तर टेबलावर दोघेही येतील, मालक एकाला धरून दुसऱ्याला खेळवेल आणि मधल्या मधे मांडवली होईल. हे टाळायचं तर कुठल्याही साहेबांकडे जायच्या आधी तुमची यादी तुमच्याकडे हवी. दोनशे पाच नावं, सह्यांसकट. कटिंग आणि फिनिशिंगमधले पुरुष विसरू नका, मालक पहिल्यांदा त्यांनाच फोडतो. ठेकेदाराच्या हेल्पर पोरींची नावं वेगळ्या वहीत लिहा, त्यांचा प्रश्न आज नाही तर वर्षाने येणार आहे. दोनशे पाच नावं घेऊन गेलात की बोलणारे तुम्ही असाल आणि ऐकणारे ते.

आणि सभा त्यांच्या ऑफिसात रात्री आठला ठेवू नका. निम्म्या बायका येणार नाहीत, आणि ज्या येतील त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी भांडण. रविवारी सकाळी, कोणाच्या तरी घरी किंवा समाजमंदिरात. गेट मीटिंग घ्यायचीच तर पगाराच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळ्यांना बस पकडायची असते.